भिंतीपलीकडचे एकवीस अंश

नॉरिस अ‍ॅक्रॉइडने स्वतःच्या हाताने बसवलेला बिनतारी थर्मोस्टॅट पहिल्याच दिवशी, पहिल्याच फटक्यात, बिनचूक चालू झाला आणि एक अख्खं घर उबदार करून मोकळा झाला. तर असं काही घडलंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. नॉरिसही तसंच समजून ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात बसला होता, आणि त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असा आव आणणं बरं दिसत नाही.

हॅलिफॅक्स गावातल्या लार्च टेरेस नावाच्या गल्लीत चौदा नंबरचं घर त्याचं. ओळीतली सगळी घरं दगडी, एकमेकांना खांदे लावून चढावर उभी, फेब्रुवारीत बसच्या रांगेतल्या माणसांसारखी. नॉरिसने उभी नोकरी नगरपालिकेच्या दफनभूमी खात्यात काढली. तिथे थंडीची तक्रार कधी कुणी केली नव्हती. घरी त्याची बायको ग्लेनिस करायची. बॉयलरने घर किती अंश तापवायचं ते ठरवणाऱ्या, दारामागच्या जुन्या थर्मोस्टॅटची चकती सतरावर असायची आणि त्या चकतीला हात लावायचा मान फक्त नॉरिसचा होता. ग्लेनिस म्हणायची, गार लागतंय. नॉरिस म्हणायचा, स्वेटर घाल. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा संवाद इतक्या वेळा झाला होता की अलीकडे दोघं तो न बोलताच उरकायचे.

मग ग्लेनिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी नॉरिस द्राक्षं घेऊन वॉर्डात गेला, तर ती बाह्या वर सारून खुर्चीत बसलेली. स्वेटर घडी करून उशाशी. लग्नानंतर तिची कोपरं त्याने फेब्रुवारीत पहिल्यांदाच पाहिली.

"तुला गार नाही लागत?" त्याने विचारलं.

"नाही ना," ग्लेनिस म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं माझी प्रकृतीच थंड आहे. इथे आल्यावर कळलं, घराची होती."

तिने हे भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर नॉरिसला बरं वाटलं असतं. ती सहज म्हणाली, द्राक्ष तोंडात टाकता टाकता, आणि तिथून त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली.

कारण पुढचं असं होतं. पेशंटला घरी सोडण्याआधी हॉस्पिटलच्या फोलाके ओयेलारान नावाच्या बाई घर तपासायला येणार होत्या. गुरुवारी दुपारी दोन वाजता. जिन्याला कठडा, कमोडला उंच बैठक, पलंग खालच्या खोलीत, आणि त्या खोलीत कायम एकवीस अंश. यातलं काही कमी पडलं तर ग्लेनिस शुक्रवारी घरी न येता साउथपोर्टला बहिणीकडे जाणार. ऱ्होनाचा तिथे बंगला होता आणि त्या बंगल्याची फरशी आतून तापायची. "सहाच आठवडे," असं ऱ्होना फोनवर म्हणाली होती. पण ग्लेनिसने सहा आठवड्यांसाठी घरून उन्हाळी सँडल मागवले होते. अनवाणी चालता येईल अशा फरशीवर गेलेली बाई लार्च टेरेसला कशासाठी परत येईल, याचं एकही कारण नॉरिसला सापडेना. रात्री दोनदा उठून त्याने शोधलं.

म्हणून नवा थर्मोस्टॅट. दारात पडलेल्या जाहिरातीत तो अर्ध्या किमतीत होता. जाहिरात ओळीतल्या सगळ्याच दारांत पडली होती, पण इतरांच्या दारात काय पडतं याकडे बघायची पद्धत लार्च टेरेसवर नव्हती.

बसवायचा तर शनिवारी दहा ते अकरा. हा नियम नॉरिस आणि सोळा नंबरच्या मिस थॅकरे यांच्यात एक्क्याण्णव साली ठरला होता. दोघांच्या मधे एकच भिंत. त्या भिंतीला ड्रिल, हातोडी किंवा शेजाऱ्याला ऐकू जाईल असं काहीही लावायचं ते शनिवारी दहा ते अकरा, म्हणजे उरलेला आठवडा कुणाला कुणाचा त्रास नको. तेहतीस वर्षांत नियम मोडला नव्हता. मिस थॅकरे शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर, आणि गेल्या तेहतीस वर्षांतलं त्यांचं नॉरिसशी बोलणं एकूण जमेस धरलं तर ते संपूर्णपणे हवेविषयी होतं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला नॉरिसने मेन स्विच बंद केला. बॉयलरशेजारी भिंतीत दोन भोकं पाडून थर्मोस्टॅटचा हुकूम बॉयलरला पोचवणारी डबी बसवली. पलीकडून मिस थॅकरेंचंही ड्रिल चालू होतं. वेळ पाळणारी बाई, त्याला बरं वाटलं. बॉयलरमधून आलेल्या तारा त्याने पुस्तकातल्या चित्राबरहुकूम डबीत अडकवल्या, ओढून पाहिल्या, झाकण लावलं. आता या भिंतीवरच्या डबीची आणि हातातल्या थर्मोस्टॅटची जोडी जमवायची. डबीचं बटण पाच सेकंद दाबून धरा, हिरवा दिवा लुकलुकेल. मग थर्मोस्टॅटचं बटण दाबा, दिवा स्थिर होईल. अकराला पाच कमी असताना नॉरिसने दाबलं. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. त्याने एकवीस लावले, थर्मोस्टॅट ग्लेनिसच्या पलंगाशेजारच्या फळीवर ठेवला आणि चहा टाकला.

चहा निवला. खोलीही निवली. थर्मोस्टॅटवर मोठ्या आकड्यांत तेरा.

आधी त्याला वाटलं यंत्र खोटं बोलतंय. मग त्याने दारामागचा जुना थर्मोस्टॅट काढून ठेवला होता तो आणून दोन्ही शेजारी ठेवले. जुन्याचा तापमानाचा काटा सतरावर, नव्यावर तेरा. शेवटी स्नानगृहातला काचेचा तापमापक आणला. तेरा. म्हणजे जुना थर्मोस्टॅट कित्येक वर्षं चार अंश वर सांगत आला होता. हे ग्लेनिसला सांगावं का, या विचाराने तो खोलीत तीन चकरा मारून आला आणि नाही असं ठरवलं.

रविवारी त्याच्या पायाला भिंगरी लागली. पुस्तकात लिहिलं होतं की यंत्र चालत नसल्यास त्याची जागा बदलून पाहावी. त्याने थर्मोस्टॅट फ्रिजपासून लांब नेला, मायक्रोवेव्हपासून लांब नेला, जिन्यावर ठेवला, पावाच्या डब्यावर ठेवला, मग कडेवर रडकं मूल घेऊन हिंडावं तसा घेऊन हिंडला. बॅटऱ्या बदलल्या. उलट्या घालून पाहिल्या. बावीस लावले, चोवीस लावले. बॉयलर ढिम्म. आणि पाचच्या ठोक्याला, नॉरिसने कशालाही हात लावलेला नसताना, बॉयलर आपणहून गुरगुरला, तासभर जळला आणि सहाला बंद पडला. सोमवारीही तेच. पाच ते सहा ऊब, बाकी तेवीस तास दफनभूमी.

परसातल्या भिंतीवरून त्याला मिस थॅकरे दिसल्या. बाहेर बर्फाचा भुगा पडत होता. त्यांच्या घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि त्या बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या झग्यात पायरीवर उभ्या राहून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या.

"हवा जरा उबदारच आहे, मिस्टर अ‍ॅक्रॉइड," त्या म्हणाल्या.

नॉरिसच्या अंगावर ओव्हरकोट, कानटोपी आणि एका हातात मोजा होता. दुसरा मोजा थर्मोस्टॅटला घातला होता, त्याला बरं वाटेल म्हणून.

"आहे खरी," तो म्हणाला.

मंगळवारी त्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पंचवीस मिनिटं सनई की काय ते ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"सर, जोडी पुन्हा जमवून पाहिलीत का?"

"चौदा वेळा. डबीवर लाल दिवा लागतो."

"लाल म्हणजे ती आधीच कुणाशी तरी बांधलेली आहे, सर."

"माझ्याशी नाही."

"दिवा दर मिनिटाला एकदा लुकलुकतो का?"

"लुकलुकतो."

"मग संबंध उत्तम आहेत, सर. दोघांचं व्यवस्थित बोलणं चालू आहे."

"कुणाचं कुणाशी?"

"ते आम्हाला इथून नाही दिसत," मुलगी म्हणाली. "तुम्हाला आजच्या सेवेबद्दल दहापैकी किती गुण द्यावेसे वाटतात?"

नॉरिसने तेरा दिले. त्याच्या डोळ्यांपुढे तोच आकडा होता.

बुधवार हा निळ्या कचरापेट्यांचा दिवस. सकाळी तो पेटी बाहेर ओढत होता आणि शेजारच्या पेटीचं झाकण पुरतं लागलं नव्हतं. बघायचं नाही असं ठरवूनही त्याला दिसलं. आत पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्याच थर्मोस्टॅटचं, त्याच जाहिरातीतलं.

तो घरात येऊन पायरीवर बसला आणि सगळं हळूहळू त्याच्या डोक्यात उतरलं. शनिवारी अकराला पाच कमी असताना भिंतीच्या अलीकडे त्याने बटण दाबलं होतं आणि पलीकडे मिस थॅकरेंनी. दोघांनीही नियम पाळला होता, आणि बरोबर त्यामुळेच जोड्या उलट्या जमल्या होत्या. त्याचा थर्मोस्टॅट मिस थॅकरेंचा बॉयलर चालवत होता. त्याचं घर तेरावर, म्हणून तो अखंड ऊब मागत होता, आणि ती अखंड मिस थॅकरेंना मिळत होती. त्यांचा थर्मोस्टॅट त्यांच्या भट्टीसारख्या घरात बसून म्हणत होता, पुरे, आता काही नको. म्हणून नॉरिसला काही नको होतं. त्याने जितके अंश वाढवले तितक्या त्यांनी खिडक्या उघडल्या.

यावर उपाय अर्थात एकच होता. शेजारी जाऊन सांगणं. नॉरिस पाच वेळा परसात गेला. पहिल्या खेपेला मिस थॅकरे नव्हत्या. दुसऱ्या खेपेला त्या होत्या, म्हणून तो परत आला. तिसऱ्या खेपेला दोघं पावसाच्या शक्यतेवर बोलले. सांगायचं म्हणजे काय, की बाई, तुमच्या घरात किती अंश आहेत ते मला माहीत आहे? अंगावर काय कपडे आहेत इतकं खासगी झालं ते. शिवाय कचरापेटीत पाहिलं हे आलंच. पाचव्या खेपेला त्याने विळा नसलेल्या बागेत विळा शोधला.

आणि मग, चहा गाळता गाळता, त्याला दुसरा उपाय सुचला.

त्याने स्वतःचा थर्मोस्टॅट पाचवर आणला. बस. पलीकडचा बॉयलर बंद. मिस थॅकरेंच्या खिडक्या उघड्याच होत्या, तासाभरात घर गार पडलं. त्यांचा थर्मोस्टॅट अठरावर लावलेला असावा. तो आता ऊब मागू लागला. ती कुठे येणार? चौदा नंबरात. बॉयलर गुरगुरला आणि गुरगुरतच राहिला. चौदा. पंधरा. सतरा. नॉरिसने कानटोपी काढली, कोट काढला. या वेगाने उद्या दोन वाजेपर्यंत एकवीस काय, सत्तावीस होतील. ओयेलारान बाई येतील, आकडा पाहतील, सही करतील, ग्लेनिस घरी येईल. कुणाला काही सांगायला नको. तो खोलीत गोल गोल फिरला, पण या वेळी आनंदाने, आणि फिरता फिरता खिडकीशी थांबला.

मिस थॅकरे परसात होत्या. कोट, मफलर, वर आणखी एक शाल. त्या पेरूच्या फोडीसारखं लाल झालेलं नाक पुसत एकेक खिडकी बाहेरून ओढून बंद आहे ना पाहत होत्या.

"हवा जरा फिरली, मिस्टर अ‍ॅक्रॉइड," त्या म्हणाल्या.

"फिरली खरी," नॉरिस म्हणाला, आणि त्याला आपल्या उघड्या मनगटांची लाज वाटली, म्हणून त्याने ती पाठीमागे नेली.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत त्याने ग्लेनिसला सगळं सांगितलं. ती कस्टर्ड खात होती. जोड्या उलट्या जमल्या तिथे ती हसली, इतकी की टाके दुखतात म्हणून नर्सने येऊन दटावलं. पुढचं ऐकता ऐकता तिचा चमचा थांबला.

"म्हणजे तिच्या घरातली ऊब आत्ता तुझ्या हातात आहे."

"तसं म्हटलं तर."

"आणि तिला गार लागतंय हे तुला माहीत आहे."

"फक्त उद्या दुपारपर्यंत, ग्लेन. नंतर मी..."

"मग एवढा जीव कशाला घाबरा करतोस," ग्लेनिस म्हणाली आणि कस्टर्डकडे वळली. "सांग तिला, स्वेटर घाल."

नॉरिस घरी येताना बसमध्ये उभाच राहिला. जागा होती, पण बसवेना. घरी गेल्यावर त्याने थर्मोस्टॅट पुन्हा एकवीसवर नेला. पलीकडचं घर तापत गेलं तशी खोली हवा गेलेल्या फुग्यासारखी गार होत गेली आणि तो सकाळपर्यंत कोटात झोपला.

गुरुवारी नऊ वाजता त्याने मिस थॅकरेंचं पुढचं दार वाजवलं. लार्च टेरेसवर पुढचं दार फक्त पोलीस आणि शवपेटीवाले वाजवतात. शेजारी मागच्या दाराने येतात, म्हणजे येत नाहीत, पण आले तर तिकडून येतात. मिस थॅकरेंनी दार उघडलं, त्याला पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"ग्लेनिस?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही, नाही. ग्लेनिस बरी आहे. मी थर्मोस्टॅटसाठी आलोय."

"देवा," मिस थॅकरे म्हणाल्या. "मग मागच्या दाराने यायचं."

तो आत आला. घर पुन्हा तापलं होतं. नॉरिसने घसा साफ केला.

"माझी काहीतरी वस्तू तुमच्याकडे आली आहे, असं मला वाटतं. आणि तुमची माझ्याकडे."

"रविवारी दुपारी दोनला माझ्या लक्षात आलं," मिस थॅकरे म्हणाल्या. त्यांनी खणातून आलेखाचा कागद काढला. त्यावर लाल आणि निळ्या अशा दोन रेघा होत्या. "ही मी. हे तुम्ही, अंदाजे. भिंतीला हात लावून काढलेत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरात किती अंश असावेत हे मी कोण सांगणार? आणि मला वाटलं, तुम्ही बोलाल. शिवाय," त्या जरा थांबल्या, "रोज पाच ते सहा मी माझा तीसवर नेत होते. तुमच्याकडचे नळ गोठू नयेत म्हणून."

"ती ऊब तुमची होती?"

"तेवढी तर करायलाच हवी. शेजार आहे."

नॉरिसला बुधवार दुपारबद्दल सांगायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण मिस थॅकरेंनी आलेखावरच्या बुधवारच्या दुपारवर, जिथे लाल रेघ दरीत पडावी तशी खाली गेली होती, नुसतं बोट ठेवलं आणि उचललं.

"काल हवाच विचित्र होती," त्या म्हणाल्या.

"होती," नॉरिस म्हणाला. "माझी चूक होती."

मिस थॅकरेंनी मान डोलावली. मग त्यांनी फळीवरचा थर्मोस्टॅट उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याने खिशातला त्यांना दिला. ना बटण दाबावं लागलं, ना दिवा लुकलुकला. त्यांचा बॉयलर चालवणारा त्यांच्याकडे, याचा चालवणारा याच्याकडे. पाच दिवसांचं दुखणं दीड मिनिटात संपलं, आणि त्यातलं एक मिनिट कुणी आधी द्यावं यात गेलं.

दोन वाजता फोलाके ओयेलारान बाई आल्या. कठडा हलवून पाहिला, कमोडच्या बैठकीवर स्वतः बसून पाहिलं, मग पलंगाशेजारी उभं राहून आपला तापमापक काढला. वीस.

"सकाळी बारा होते," नॉरिस म्हणाला. "भरभर चढतोय."

"मला दिसतंय. पण मिस्टर अ‍ॅक्रॉइड, तुमच्या मिसेसनी मला आधीच सांगून ठेवलंय. पाहुणे आले की तुम्ही वाढवता. ते गेले की उतरवता."

नॉरिसने पलंगावरची चादर उगाच सारखी केली. बॉयलर बोलत होता.

"माझ्या फॉर्मात 'कायम' असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आज दोन वाजता किती आहेत याला अर्थ नाही. मी गेल्यावर हे यंत्र कुणाच्या हातात राहणार?"

नॉरिसने थर्मोस्टॅटकडे पाहिलं. तो उबदार होता, मिस थॅकरेंच्या घरी राहून आला होता ना. चकतीचा मान एकेचाळीस वर्षं त्याच्याकडे होता. तो कसा होता हे त्याला या आठवड्यात दोन्ही बाजूंनी कळलं होतं.

"तिच्या," तो म्हणाला. "लिहा फॉर्मात. माझी सही घ्या."

बाईंनी लिहिलं, त्याने सही केली. आकडा तोवर साडेवीस झाला होता. बाई निघेपर्यंत एकवीस झाले, पण ते त्यांनी बघितलं नाही.

ग्लेनिस शुक्रवारी घरी आली. चालायच्या काठ्यांना तिने एक कापडी पिशवी बांधून घेतली होती, थर्मोस्टॅट त्या पिशवीत गेला आणि तिच्याबरोबर खोलीभर हिंडू लागला. सँडल तिने घातलेच. पहिल्या दिवशी तिने एकवीस लावले. दुसऱ्या दिवशी तेवीस. सोमवारी चोवीस. नॉरिस बनियनवर बसून घाम पुसत होता. तोंडाने मागायची त्याला काही सोय उरली नव्हती, तेव्हा मंगळवारी त्याने जुन्या खात्याचा एक कोरा कागद घेतला, स्वच्छ अक्षरात लिहिला आणि तिच्या चहाच्या कपाखाली सरकवला:

प्रति,
प्रभारी अधिकारी, तापमान विभाग,
खालची खोली, १४ लार्च टेरेस.

विषय: अर्धा अंश कमी करून मिळणेबाबत.

महोदया,
अर्जदार हा सदर घरात प्रदीर्घ काळ वास्तव्यास असून पूर्वी याच पदावर कार्यरत होता. त्या काळातील कामकाजाबद्दल अर्जदारास काहीही म्हणावयाचे नाही. सद्यःस्थितीत सभ्य माणसास उतरवता येतील तेवढे कपडे अर्जदाराने उतरवलेले आहेत व यापुढे उतरवण्याजोगे काही शिल्लक नाही. तरी रोज दुपारी दोन ते चार या वेळेपुरते सदर तापमान चोवीसवरून साडेतेवीस अंश करण्यात यावे, व तसे करणे शक्य नसल्यास अर्जदारास त्या वेळेत कोळशाच्या खोलीत बसण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.